पाणी ओसरेपर्यंत

तिने वही धाडकन मिटली आणि आजूबाजूला पाहिलं. दप्तरखोलीत फक्त शिपाई नाना होते, तेही खिडकीत उभे राहून चहा फुंकत.

“काय हो ताई, विंचू निघाला का आतून?”

“विंचू परवडला असता, नाना.”

शनिवारी नगरपालिकेला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. पुलापासून नदीघाटापर्यंत पताका लागल्या होत्या. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर स्थापनेचा मूळ ठराव छापायचा, असं अध्यक्षबाईंच्या मनात होतं, आणि तो शोधायचं काम तिच्याकडे आलं होतं. कारकून म्हणून तिच्या अकरा महिन्यांच्या हंगामी नेमणुकीची मुदतही त्याच शनिवारी संपत होती. मुदत वाढली नाही तर शहरातली नोकरी. दोन तास जायला, दोन तास यायला. सव्वा वर्षाची लेक मग फक्त झोपलेलीच दिसणार. इथून घर कसं हाकेच्या अंतरावर होतं. तरी ती दिवसातून चारदा फोन करायचीच. “अगं, तुझ्या नवऱ्यालाही मीच वाढवलंय. जगलाय ना?” सासूबाई म्हणायच्या.

हेडक्लार्क भाऊसाहेबांनी मात्र कालच हात वर केले होते. “पदच मंजूर नाही, ताई. मंजूर पद असतं तर मी स्वतः सही आणून दिली असती.”

म्हणून तर हा ठराव हाती लागला तेव्हा तिला वाटलं होतं, चला, निदान बाई खूश होतील. आणि आता हे!

तिने वही पुन्हा उघडली. पिवळ्या कागदावर टपोरं अक्षर होतं. नाना चष्मा सावरत जवळ आले. तिने हलक्या आवाजात वाचलं, “‘पुराचे पाणी ओसरेपर्यंत गावचा कारभार पाहण्याकरिता पाच जणांची हंगामी समिती नेमण्यात येत आहे. पाणी ओसरताच समिती बरखास्त झाली असे समजावे.’”

“मग? ओसरलं की नाही पाणी?”

“एकोणिसाव्या दिवशी. दुसऱ्या वहीत चिखल उपसल्याची नोंद आहे.”

पण समिती काही उठली नव्हती. चिखल काढता काढता तिने गटारं बांधली, मग रस्त्यावर दिवे लावले, मग दिव्यांसाठी कर बसवला. कर बसवल्यावर कोण उठतो? कालांतराने समितीची नगरपालिका झाली. पाणी ओसरल्यालाही शंभर वर्षं होत आली होती आणि हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

नाना मटकन स्टुलावर बसले. “म्हणजे मी तीस वर्षं कोणाची चाकरी करतोय?”

तिला हसू आलं. पण ठरावाचं पुढचं पान उलटायचा तिला धीरच झाला नाही.

“वरच्या दोन ओळी छापा, खालचं झाका,” नाना म्हणाले. “कोणाला कळतंय? आणि शनिवारपर्यंत बाईंना नाराज करू नका. तुमचंच काम अडलंय.”

सल्ला सोन्यासारखा होता. पण दुधाची बाटली तीनतीनदा मनगटावर तपासून पाहणारी आई ती; अर्धा ठराव छापून तिला झोप लागली नसती. तिने वही छातीशी धरली आणि जिना चढली.

अध्यक्षबाईंच्या केबिनमध्ये भाऊसाहेब होतेच. टेबलावर तिचीच फाइल होती, कार्यमुक्तीच्या सहीसाठी. ती टेबलापाशी उभी राहिली आणि तिने वही उघडून पुढे ठेवली. बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“भाऊसाहेब, अहो, आपण सगळे शंभर वर्षांपूर्वीच बरखास्त झालोय!”

भाऊसाहेबांना हसू आलं नाही. “हंगामी माणसानं एवढ्या खोलात शिरायचं कारणच नव्हतं,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “आणि ठराव कधी अर्धवट वाचू नये. पुढच्या पानावर बरखास्ती रद्द केलेली असणार. आणा इकडे.”

त्यांनी वही ओढून घेतली, पान उलटलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली. “‘कलम दुसरे. गावच्या व नदीच्या नोंदी ठेवण्याकरिता एक कारकून नेमावा. समिती...’” त्यांचा आवाज एकदम खाली गेला.

“मोठ्यानं वाचा की. आत्तापर्यंत खणखणीत होतात,” बाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी रुमालाने कपाळ टिपलं. “‘समिती राहो अथवा न राहो, सदर पद कायम राहील.’”

“हे पद रद्द केल्याचा ठराव आहे कुठे?”

“माझ्या माहितीत तरी... नाही.”

“म्हणजे पद मंजूर आहे आणि रिकामं आहे. तुम्ही सही आणून देणार होतात ना? ही घ्या.” बाईंनी फाइल पुढे ओढली, कार्यमुक्तीच्या कागदावर आडवी काट मारली, खाली चार ओळी लिहून सही केली. मग त्यांनी वर पाहिलं. ती अजून उभीच होती, काय झालं ते न कळल्यासारखी.

बाई स्वतःच्या खुर्चीतून उठल्या आणि खुर्ची तिच्याकडे वळवून म्हणाल्या, “बसा हो. आम्ही सगळे हंगामी. इथं कायमच्या तुम्ही एकट्याच.”