अहो!

“अहो! अहो, या ना!” कुलूपवाला अंगणात उकिडवा बसून ओरडत होता. पुढ्यात भिजवलेल्या गव्हाच्या भरड्याची ताटली. बदकाची पिल्लं धुण्याच्या दगडामागे दाटीवाटीने बसली होती आणि हा कोण नवा गृहस्थ, अशा नजरेने त्याच्याकडे बघत होती. त्याने आवाज बारीक करून पाहिला, अगदी बायकी. एक पिल्लू शिंकलं, बस.

कुंपणावरून शेजारीणबाईंनी मान काढली. “कोणाला हो एवढ्या मानाने बोलावताय?”

“बदकांना,” तो ओशाळून म्हणाला. “त्यांना ही एकच हाक कळते.”

खरंच होतं ते. मेहुण्याने खोक्यातून पिल्लं आणून दिली त्या दिवसापासून बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक द्यायची, “अहो, पिल्लांना घातलंत का?” हाक आली की हा ताटली घेऊन बाहेर. भरडा, वर बारीक चिरलेला पालक, शेजारी उथळ परातीत पाणी. पिल्लांनी आपली समजूत करून घेतली की ‘अहो’ म्हणजे जेवण. मग बायको दूध उतू गेलं म्हणून ओरडो नाहीतर साबण संपला म्हणून, ‘अहो’ ऐकलं की सगळी पलटण खिडकीखाली हजर!

पण गेला आठवडाभर त्या घरात ती हाक उमटली नव्हती, आणि हाकेवाचून ताटली घेऊन हा आज पहिल्यांदाच बाहेर आला होता. दोष ह्याचाच. एका सकाळी “अहो, पिंपात पाणी नाही! अहो, फाटकाची कडी निखळलीय, कधी बसवणार?” अशी सरबत्ती झाली. जगाची कुलपं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला स्वतःच्या फाटकाची कडी बसवायला सवड नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वर्मावर बोट ठेवलं गेलं तसा तो खेकसला, “अहो, अहो, अहो! तुझ्यापेक्षा बदकं बरी. खाताना तरी गप्प बसतात.”

“बरं,” ती म्हणाली. “आता माझी हाक ऐकू यायची नाही तुम्हाला.”

बाई शब्दाची पक्की. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, सुटलो बुवा! मग मात्र घर खायला उठलं. चहा मिळे, जेवण मिळे, सदऱ्याला इस्त्रीही होई, पण सगळं मुक्याने. अगदीच अडलं तर ती पिल्लांना सांगे, “सांगा रे कुणाला तरी, ताट वाढलंय.” दुकानात गिऱ्हाइकाने ‘अहो’ म्हटलं तरी तो चटकन वळून बघे. माफी मागायचं तो रोज ठरवायचा, आणि ऐनवेळी तोंडातून निघायचं, “मीठ कुठंय?” मीठ पुढ्यात यायचं.

“थांबा, मी येऊन बघते,” म्हणत शेजारीणबाईंनी फाटक ढकललं. कडी स्क्रूसकट खाली पडली. फाटक सताड उघडलं, बाई किंचाळल्या आणि घाबरलेली पिल्लं त्यांच्या पायांमधून ओळीने थेट रस्त्यावर! समोर एक टेम्पो उभा होता. सगळी त्याच्याखाली.

कुलूपवाला धावला. वाकून बघतो तर पिल्लं पार मागच्या चाकाला चिकटलेली. मग तो सपशेल पालथा पडला आणि आत सरपटला. पाय तेवढे बाहेर राहिले. “अहो, या ना हो,” तो गयावया करू लागला, “पाया पडतो तुमच्या.” तेवढ्यात ड्रायव्हर चहा संपवून आला, पलीकडच्या बाजूने वर चढला आणि त्याने किल्ली फिरवली. शेजारीणबाईंनी डोळ्यांवर हात घेतले.

“अहोऽऽऽ!”

घराच्या दारातून आलेली ती हाक अशी होती की ड्रायव्हरने दचकून इंजिनच बंद केलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून कुणाचे तरी दोन नवरे बाहेर आले. पिल्लं टेम्पोखालून सुटली ती तडक दाराकडे. त्यांच्या मागोमाग कुलूपवाला, कोपरं खरचटलेली, सदरा ग्रीसने माखलेला.

बायको पायरीवर मटकन बसली होती. पिल्लं तिच्या कुशीत घुसत होती. “बाई गं, केवढा जीव हिचा पिल्लांवर!” शेजारीणबाई म्हणाल्या. बायको पिल्लं उचलून आत गेली.

कुलूपवाल्याने दुकान उघडायच्या आधी कडी बसवली. चांगली जाडजूड. पिल्लं वाचली याचा त्याला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला? पण दिवसभर मनात एक काटा सलत राहिला. हाक आली, पण बदकांना. ज्या हाकेसाठी त्याचे कान आसुसले होते, तीसुद्धा या पठ्ठ्यांनीच मटकावली.

संध्याकाळी तो परतला तेव्हा ती अंगणात होती. हातात पत्र्याचा डबा. तिने डबा खुळखुळवला आणि पिल्लं डुलत डुलत धावत आली.

तो बघतच राहिला. “अगं, ही डब्याच्या आवाजाला येतात?”

“आठवडाभर तशीच बोलावतेय,” ती म्हणाली.

ती आपल्याशी बोलली, हे कळायला त्याला एक क्षण लागला. मग त्याने घाईघाईने बोलून घेतलं, “चुकलं माझं त्या दिवशी. पण बदकांसाठी शब्द मोडलास, माझ्यासाठी नाही मोडलास. डबा वाजवला असतास तरी आली असती की ती.”

तिने उरलेला भरडा ताटलीत ओतला.

“मला नुसते तुमचे पाय दिसले,” ती म्हणाली. “खाली पिल्लं आहेत, हे मागाहून कळलं.”