गुरुवारची अमावस्या

"अमावस्येले मी घर सोडत नाही," वनमालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या भेंडीचं देठ कापलं.

देवश्रीने लॅपटॉपवरून मान वर केली. चार वाजून गेले होते. गॅलापागोस बेटांमधून आठ दिवस फिरवणाऱ्या, जेमतेम सोळा प्रवाशांच्या जहाजावरची शेवटची केबिन तिच्या नावाने सहा वाजेपर्यंतच राखून ठेवलेली होती. जहाजाची तारीख बदलणार नव्हती. त्या तारखेभोवती विमानं, हॉटेलं आणि मधले तास बसवायला तिला तीन आठवडे लागले होते. गुरुवारी समता कॉलोनीतल्या घरून निघायचं. रायपूर, दिल्ली, युरोपातला एक थांबा. शुक्रवारी संध्याकाळी ग्वायाकिल शहरात पोचायचं. एक रात्र हॉटेलात. शनिवारी पहाटे बेटांकडचं विमान, दुपारी जहाज. वर्षभरात ही विमानं किती वेळा उशिरा पोचली याच्या नोंदी पाहून तिने जहाज चुकण्याची शक्यताही काढली होती. शंभरात चार.

तक्त्यात अमावस्येचा रकाना नव्हता.

"गुरुवारी अमावस्या आहे?"

"हव."

मघापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. हॉटेलसमोरच्या बागेचा फोटो आईने दोनदा मोठा करून पाहिला होता. त्यात घोरपडीएवढे इग्वाना बाकांवर ऊन खात पसरले होते आणि त्यांच्याशेजारी एक म्हातारी निवांत पेपर वाचत होती. "इथं कधी बसायचं?" आईने विचारलं होतं. "बसायचं नाही, आई. पहाटे पाचला निघायचं आहे. बेटांवर पाहशीलच की इग्वाना," असं म्हणून देवश्री पुढच्या रकान्याकडे वळली होती.

देवश्री महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होती. कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दारामागेच होतं, दुधाच्या खाड्यांच्या खुणांनी भरलेलं. उठून दोन पानं उलटायची, एवढंच काम होतं. ते तिने केलं नाही. मुहूर्ताच्या वादात तिथी तपासणं म्हणजे अर्धा वाद हरणं, असं तिचं मत होतं. आईने आजवर कधी अमावस्येचं नाव काढल्याचं तिला आठवत नव्हतं. पण वयाबरोबर अशा समजुती बळावतात, हे तिने वाचलेलं होतं. त्यामुळे आश्चर्यही वाटलं नाही.

एकटीने जायचा प्रश्न नव्हता. ती आठ वर्षांची असताना आई कचेरीतून परतताना ब्राह्मणपाऱ्यातल्या वाचनालयातून प्राण्यांची पुस्तकं आणायची. शंभर वर्षं जगणाऱ्या कासवांचं प्रकरण दोघींनी इतक्यांदा वाचलं होतं, की ते पान सुटून हातात आलं होतं. त्या कासवांपुढे एकटीने उभं राहण्यात देवश्रीला काही अर्थ दिसत नव्हता.

"तुझी बॅग बुधवारीच शेजारच्या सरिताकाकूंकडे नेऊन ठेवू," ती म्हणाली. "प्रस्थान ठेवतात ना, तसं. बॅग निघाली म्हणजे तू निघालीस."

"बॅगेले कासव नाही पाहायचं. मले पाहायचं आहे."

"मग रद्द करू का?"

"रद्द कर कोण म्हणून राहिलं? अमावस्येले नको म्हटलं. एवढं हुशार तुझं मशीन, एक दिवस अलीकडं सरकवता येत नाही काय त्याले?"

देवश्रीने गुरुवारचा बुधवार केला. विमानं मिळाली. हॉटेलात एकीच्या दोन रात्री झाल्या. तिने शक्यता पुन्हा मांडली: शंभरात चारवरून हजारात तीन. अंधश्रद्धेपुढे झुकल्याची बोच या आकड्याने बरीचशी बुजली. चुकीच्या कारणासाठी घेतलेला निर्णयही योग्य असू शकतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली. सहाला बारा मिनिटं उरली असताना केबिन पक्की झाली. वनमालाबाईंनी भेंडी फोडणीला टाकली.

दोन महिन्यांनी, त्या बुधवारी संध्याकाळी, रायपूरच्या माना विमानतळाच्या दारात देवश्री कागद तपासत होती. आभाळाकडे पाहायला तिला सवड नव्हती.

शुक्रवारचा अख्खा दिवस वनमालाबाईंनी त्या बागेत काढला. एक इग्वाना त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला, तेव्हा पाऊण तास त्यांनी पाय हलवला नाही. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याशी त्या मराठीत बोलत होत्या आणि तो स्पॅनिशमध्ये. दोघांचं उत्तम जमलं होतं. "आमच्या ऑफिसात असाच एक साहेब होता," त्या पायाकडे पाहत म्हणाल्या. "नाकासमोर फाइल धरली तरी डोळा उघडत नव्हता." देवश्री इतकी हसली की हातातली कॉफी सांडली. आपण सकाळपासून तक्ता उघडलेला नाही, हे तिच्या दुपारी तीनला लक्षात आलं. तरीही तिने तो उघडला नाही.

साडेसहाच्या सुमारास दोघी भाजलेली केळी खात नदीकाठी बसल्या. पाठीमागे सूर्य नुकताच बुडाला होता. समोर, पलीकडच्या काठावर, परातीसारखा पूर्ण गोल चंद्र वर येत होता.

देवश्रीने चंद्राकडे पाहिलं. मग घड्याळातल्या तारखेकडे. मग पुन्हा चंद्राकडे. अमावस्येपासून इतकं वाटोळं व्हायला त्याला चौदा-पंधरा दिवस लागतात आणि त्यात त्याला कोणतीही सवलत नाही.

"आई, काल अमावस्या नव्हती."

"नव्हतीच," वनमालाबाई म्हणाल्या आणि उरलेल्या केळाचा मोठा तुकडा त्यांनी तिच्या हातावर ठेवला. "कॅलेंडर दारामागंच होतं, तू पान उलटलं नाही. बागेसाठी तू एक दिवस दिला नसता, देवू. अमावस्येसाठी दिला."