खांबामागची जागा

प्लेअरने कॅसेटची फीत गिळली तेव्हा दातांच्या डॉक्टरांच्या एका हातात चिमटा होता आणि दुसऱ्या हातात एका वकिलांचा जबडा. दोन्ही सोडून ते धावले. तोवर फितीचा पार गुंता झाला होता. सोडवायला गेले तर तीन ठिकाणी तुटली.

"गेली," डॉक्टर म्हणाले.

वकिलांनी घाबरून जिभेने दाढ चाचपली.

लग्नाच्या आधी शहराच्या संगीत महोत्सवात आपल्या बायकोने गायलेलं हे गाणं, असं डॉक्टर प्रत्येक रुग्णाला सांगत आणि मग ते लावत. रुग्णाच्या तोंडात कापूस असल्यामुळे आजवर कुणीही 'पुरे' म्हटलं नव्हतं. दुसरी प्रत नव्हती.

घरी बायको गणिताचे पेपर तपासत बसली होती. नेहमीसारखी तिची पेन्सिल टेबलाच्या कडेवर टकटक, टक करत होती.

"कॅसेट गेली," डॉक्टर म्हणाले.

"सुटले बिचारे पेशंट."

"थट्टा सुचतेय तुला. आता तो आवाज मी ऐकायचा कुठे? तू तर न्हाणीघरातसुद्धा गुणगुणत नाहीस."

पेन्सिल थांबली. "पुष्कळ वर्षं झाली, डॉक्टर. आता सोडा ना."

"तशी त्यात एक खोट होतीच म्हणा. ते ड्रम! तुझ्या ताईने कसला दणदणाट केला होता गं. ऐन रंगात आलं की तुझा आवाज झाकून टाकायची. जरा हळू वाजवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

बायको चहा टाकायला उठली. या वाक्याला ती नेहमीच उठायची.

ते गाणं झालं त्या वर्षी डॉक्टर अजून विद्यार्थी होते. हॉलमध्ये रेकॉर्डिंगला बंदी होती, म्हणून शर्टाच्या आत टेपरेकॉर्डर लपवून ते मागच्या जाडजूड खांबाआड उभे राहिले होते. तिथून रंगमंच दिसत नव्हता. पण तो आवाज आला आणि दिसण्याची गरजच संपली. किंचित खरखरीत, वर जाताना अचानक स्वच्छ होणारा.

नंतर हॉलमागच्या अंगणात पार्टी होती. मित्राने दाखवलं, "त्या बघ, त्या बँडमधल्या बहिणी." मोठी गळ्याभोवती रुमाल गुंडाळून कोपऱ्यात गरम पाणी पीत होती. कुणाशी बोलेना. धाकटी घामाने चिंब होऊन, बाह्या सरसावून खदाखदा हसत होती. असा आवाज कुणाचा असेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. डॉक्टर थेट धाकटीपाशी गेले.

"आज मी फक्त तुमच्यामुळे शेवटपर्यंत थांबलो."

ती हसायची थांबली. "खरंच? मला असं आजवर कुणीच म्हटलं नाही."

केवढा विनय, असं डॉक्टरांना वाटलं होतं. अजूनही वाटायचं. पुढे मोठीचं लग्न झालं, ती परदेशी गेली, बँड मोडला. धाकटीने वर्षभरात डॉक्टरांशी लग्न केलं.

कॅसेट तुटली त्याच महिन्यात महोत्सवाकडून निरोप आला. यंदा जुन्या बँडना पुन्हा बोलवायचं ठरलं होतं. डॉक्टरांना आभाळ ठेंगणं झालं. बायकोने मात्र साफ नकार दिला.

"एकदाच," डॉक्टर म्हणाले. "माझे कान कसे चाललेत, तुला ठाऊक आहे. वरचे सूर आत्ताच गळायला लागलेत. अजून दोन वर्षांनी गायलीस तरी माझ्या काय कामाचं?"

मग आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावलं आणि ताईला फोन केला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"येईन. पण तालमीला यायचं नाही. आणि या वेळी खांबामागे उभं राहायचं नाही. समोर यायचं. वचन द्या."

"दिलं."

महोत्सवाचे पहिले दोन दिवस दोघं मनगटाला प्रवेशाची कागदी पट्टी बांधून शहरभर हिंडले. वाचनालयाच्या अंगणात पितळी वाद्यं ऐकली, बंद पडलेल्या गोदामात पोरांच्या गर्दीत धक्के खाल्ले. पूर्वी मनगटावर शिक्का मारायचे आणि तो पुसला जाऊ नये म्हणून डॉक्टर आंघोळच टाळायचे, याची आठवण निघाली. एका पार्टीत ताई भेटल्या. गळ्याला रुमाल होताच.

"काय डॉक्टरसाहेब, दात काढताय की नाही लोकांचे?"

"काढतो ना. पण ताई, उद्या जरा बेताने हं. माझ्या बायकोचा आवाज ऐकू येऊ द्या."

ताई धाकटीकडे बघून म्हणाल्या, "येईल. उद्या नक्की येईल."

धाकटीने ताईला चिमटा काढला.

तिसऱ्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. डॉक्टर पुढे जायला निघाले खरे, पण लाटेसारखी गर्दी आली आणि पाय आपसूक खांबामागे वळले. दिवे मालवले. कुणीतरी काठ्या आपटून चार मोजले.

आणि तो आवाज आला.

थोडा जाडावला होता. पण खरखर तीच, आणि वर जाताना तेच अचानक स्वच्छ होणं. डॉक्टरांनी कपाळ खांबाला टेकलं. त्यांना भरून आलं. मग ऐन रंगात ड्रमचा धुमाकूळ सुरू झाला आणि आवाज त्यात बुडाला. ताई काही सुधारायच्या नाहीत, असं म्हणून ते रडता रडता हसले.

शेवटचं कडवं सुरू झालं तेव्हा त्यांना वचन आठवलं. त्यांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि ते खांबाबाहेर आले.

माईकसमोर ताई गात होत्या. त्यांच्या मागे, ड्रमच्या पलीकडे, बाह्या सरसावून आणि ओठ घट्ट मिटून डॉक्टरांची बायको वाजवत होती, आणि तिची नजर खांबावरच खिळली होती.