अठरा दिवस

रामहरीनं पोरीच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढली. मेंढरू मलूल झालं की तो असंच बघायचा. आत लाली दिसली की जीव भांड्यात पडायचा. सृष्टीच्या पापणीत लाली नव्हती. नुसतं पांढरंफटक.

पंधरा वर्षांची पोर मेंढरांना पाणी दाखवता दाखवता कोसळली होती.

"काय झालंय हिला?" त्यानं बायकोला विचारलं.

"ऊन लागलं असंल," सत्यशीला म्हणाली, पण तिची नजर जमिनीवर होती.

उत्तर सृष्टीनंच दिलं, तोंड दुसरीकडं वळवून. "पाळी थांबत नाय, आबा. अठरा दिस झालं. आई म्हणली, कुणाला सांगू नको."

पोरीला उचलून रामहरी दौलताबादच्या रस्त्यावर आला आणि त्यानं हात करून काळीपिवळी जीप थांबवली. सत्यशीला मागोमाग पळत येऊन आत बसली.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात सृष्टीला रक्त चढवलं. पहिली पिशवी संपली, दुसरी लागली. पोरीच्या ओठांवर जरा रंग आला. अठरा दिवस सत्यशीला तिची कापडं पहाटे एकटीच धुवत होती, तिला खजूर भरवत होती, रोज रक्त थांबायची वाट बघत होती. हे कळलं तसा रामहरी जास्तच चिडला. तो बायकोकडं पाठ करून उभा राहिला.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. "हिचं रक्त नीट गोठत नाही असं दिसतंय. अजून तपासण्या करू. औषधांनी हे आटोक्यात राहतं. पण हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. तुमच्याकडं आणखी कुणाला होतं का, ताई?"

सत्यशीलानं पदराचं टोक मुठीत धरलं. "माझ्या थोरल्या बहिणीला. तनुजाला. सोळा वर्षांची व्हती."

"मग तिला कुठं दाखवलं?"

"देवरशाकडं. बाहेरची बाधा म्हणाला. नऊ दिस उपाशी बसवलं तिला. दहाव्या दिशी गेली."

रामहरी गर्रकन वळला. "एवढं डोळ्यानं बघून बी तू गप बसलीस? एका शब्दानं सांगायचं नाय?"

सत्यशीलानं दिवसभरात पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं.

"तनुजाचं रक्त थांबत नाय, हे घरात मीच सांगितलं व्हतं."