पाठीवरच्या विटा

पलासिया बाजारातल्या बॅगांच्या दुकानात बाबूराव आबांनी कापडी पिशवीतून विटा काढल्या आणि काउंटरवर मांडल्या. त्यांच्या नातीला, मानसीला, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अंकलजी, ये क्या?” दुकानदार दचकला.

“हिचा कॅमेरा!”

सकाळीच किराणावाल्याच्या काट्यावर कॅमेरा, लेन्स, फ्लॅश सगळं तोलून आबांनी तेवढ्याच वजनाच्या विटा बांधून आणल्या होत्या. फौजेत असताना ते पिठ्ठू, म्हणजे पाठीवरचं ओझं, असाच पारखायचे. बॅग घ्यायची दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती.

उद्या मानसी पहिल्यांदा मेन कॅमेऱ्यावर लग्न शूट करणार होती. आणि आत्ताच, ती काम करायची त्या स्टुडिओवाल्या सुशांतचा फोन येऊन गेला होता. “एवढं वजन तुला नाही झेपणार गं. मेन कॅमेरा आपला यतीन करेल, तू त्याला असिस्ट कर. आज शाम होईपर्यंत सांग.”

दुकानदाराने चकचकीत महागडी बॅग पुढे केली. आबांनी विटा भरून एका पट्ट्याला हिसका दिला. पट्टा टर्रकन उसवला. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग निघाली एक मळकट हिरवी बॅग. दिसायला अगदीच सुमार, पण आत जाड अस्तर, कमरेला रुंद पट्टा आणि किंमत मानसीच्या आवाक्यातली. आबांनी दोनदा हिसके दिले. बॅग ढिम्म.

“पॅक कर दो,” मानसी घाईने म्हणाली.

“बॅग पास झाली. तुझं काय?” आबांनी विटांसकट बॅग तिच्या पाठीवर चढवली. “सिग्नलपर्यंत डबल मार्च. चल!”

“आबा, लोक बघून राहिले!”

“मग? उद्या लग्नात लोक नसतील का?”

ती पळाली. आधी लाजेने, मान खाली घालून. एक रिक्षावाला ओरडला, “वाह दीदी!” तिने कमरेचा पट्टा घट्ट आवळला, तसं वजन पाठीवर नीट बसलं. सिग्नल आला. ती वळली, आणि दुकान ओलांडून तशीच पुढच्या चौकापर्यंत पळत गेली. कोणी सांगितलं नव्हतं. तिला मजा यायला लागली होती.

धापा टाकत, हसत ती परतली. बॅग उतरवून घ्यायला आबांनी हात पुढे केला. ती मागे सरकली आणि बॅग पाठीवर तशीच ठेवून तिने फोन लावला.

“सुशांतभिया, उद्या यतीनला पाठवा. मला असिस्ट करायला. अन् त्याला सांगा, हात हलवत आला तरी चालेल.”