ठमीचं वजन

"बघ, बासष्टच! दोघांचं मिळून दिवाळीत होतं तेवढंच." ठमीला छातीशी धरून नाना वजनकाट्यावर उभे होते. "मी तिला काही देत नाही."

वृंदाचा पारा चढला. तीन महिने ती मांजरीचं खाणं मोजूनमापून देत होती, डॉक्टरांची बोलणी खात होती. तरी ठमीचं पोट जमिनीला टेकायला आलं होतं. "थापा मारू नका, नाना. आता एकटे उभे राहा." सासऱ्यांच्या हातातून तिने ठमीला ओढूनच घेतलं.

काटा पंचावन्नवर थांबला. म्हणजे ठमी सात किलो! चांगली दोन किलोंनी वाढली होती. वृंदा ओरडणार, तोच तिच्या लक्षात आलं, नाना तेवढेच उतरले होते.

"घास गिळवत नाही गं," नाना खालमानेने म्हणाले. "आणि पानात टाकलं की तू चिडतेस."