तोच प्लग

गजेंद्रच्या ऑटोमॅटिक ट्रकचा गिअर पडेना, म्हणून माधव इलेक्ट्रिशियन दुरुस्तीला त्याच्या घरी गेला. गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या वायरींचा प्लग सुटला होता. गजेंद्रच्या बायकोने, नलिनीवहिनींनी, टॉर्च धरली आणि त्याने प्लग परत बसवला.

मग तेच सुरू झालं. लांबची फेरी असली की नेमका सकाळी गिअर पडायचा नाही, आणि बघावं तर तोच प्लग सुटलेला. शेवटी माधव इरेला पेटला. त्याने नवा प्लग घातला आणि वरून तार पिळून आवळली.

"गजूभाई, आता बराबर झालं. हा हाताने निघायचा नाही."

पुढच्याच फेरीत, भरूचच्या अलीकडे, छातीत कळ येऊन गजेंद्र स्टिअरिंगवरच गेला.

माधव भेटायला आला तेव्हा वहिनींच्या बोटांना पट्ट्या बांधलेल्या होत्या.

"असं अचानक कसं झालं, वहिनी?"

"अचानक कुठलं? गाडी चालवू नका म्हणून डॉक्टरांनी केव्हाच बजावलं होतं. हे ऐकायचेच नाहीत." त्यांनी बोटं पदराखाली घेतली. "त्या दिवशी तो प्लग माझ्याच्यानं निघालाच नाही, भाऊजी."